इंगोले काका आणि तोंडी होकार

इंगोले काका फुटबॉलची मॅच बघत नाहीत.

हे वाक्य साधं वाटतं, पण ते अमेरिकेतल्या कोलंबसच्या शेजारी डब्लिनमध्ये राहून म्हणायला छाती लागते. इथे शनिवारी आमच्या युनिव्हर्सिटीची, चेंडू हातात धरून पळायच्या अमेरिकन फुटबॉलची, मॅच असली की अख्खं गाव एकाच रंगाचे टी-शर्ट घालून टीव्हीपुढे बसतं. लग्नाच्या तारखा मॅचचं वेळापत्रक बघून काढतात. उत्तरेकडच्या शेजारच्या, हाडवैरी टीमच्या राज्याचं नाव तर कुणी तोंडानं घेत नाही, पूर्वीच्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं. आणि ऐन मॅचच्या वेळी आमचे इंगोले काका इंडियन ग्रोसरीत शांतपणे नख लावून दुधी निवडत असतात. त्यांच्या मते आठवड्यातली दुधी घ्यायची हीच योग्य वेळ, कारण पार्किंग दारासमोर मिळतं.

गंमत पुढेच आहे. पुढच्या वर्षी ह्याच टीममध्ये येणारा जो मुलगा आज टेक्सासच्या कुठल्याशा हायस्कुलात बारावीत आहे, त्याची उंची, त्याचं वजन, चाळीस यार्ड पळायला त्याला लागणारा वेळ आणि त्याच्या आईला कोणता कोच पसंत आहे, हे सगळं काकांना तोंडपाठ असतं. तोच मुलगा मैदानात उतरला की काकांचा त्याच्यातला रस संपतो. मी एकदा कारण विचारलं.

"मॅच सुरू झाली की गणित संपलं रे राजा," काका म्हणाले. "मग नुसतं नशीब. डिसेंबरात नव्या पोरांकडे बघ, अजून कोणीच हरलेलं नसते."

काका मूळचे अमरावतीचे. पन्नास वर्षांपूर्वी शिकायला आले आणि इथल्या एका विमा कंपनीत ॲक्चुअरी म्हणून चिकटले. लोक साधारण कधी मरतील ह्याचं गणित करणारा माणूस म्हणजे ॲक्चुअरी. चौतीस वर्षं ते केल्यावर, उरलेल्या आयुष्यात पोरं कधी चमकतील ह्याचं गणित करायचं त्यांनी ठरवलं. ह्यात चूक झाली तरी कुणाच्या घरी रडारड होत नाही, असं ते सांगतात.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मला तो काकांनी त्यांच्या ड्राइव्हवेवर चार वेळा समजावला आहे, तेव्हा मी तयार आहे. प्रत्येक युनिव्हर्सिटी दरवर्षी हायस्कुलातून वीस-पंचवीस खेळाडू उचलते. त्या वर्षीच्या ह्या तुकडीला 'क्लास' म्हणतात. मग देशभरातल्या सगळ्या क्लासचे नंबर लावतात. त्यातल्या एकाही पोरानं अजून कॉलेजच्या मैदानावर पाय ठेवलेला नसतो, तरी लावतात. तीन-चार कंपन्या प्रत्येक मुलाला जोखतात, स्टार देतात. पाच स्टार म्हणजे हिरा, तीन स्टार म्हणजे बरा, दोन स्टार म्हणजे कोचच्या ओळखीचा. शिवाय एक आकडा असतो, दशांश चिन्हापुढे चार घरांचा. सगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची सरासरी काढली की त्या मुलाची किंमत ठरली.

खरी मेख बेरजेत आहे. सगळ्यांची सरळ बेरीज केली तर चाळीस सुमार पोरं गोळा करणारा पहिला येईल. सरासरी काढली तर तीन हिरे घेऊन स्वस्थ बसणारा पहिला येईल. म्हणून मधला रस्ता काढलाय. टीममधल्या सगळ्यात चांगल्या मुलाचे गुण पूर्ण धरायचे, दुसऱ्याचे जरासे कमी, तिसऱ्याचे आणखी कमी, असं उतरत उतरत पंचविसाव्याची जवळजवळ नुसती हजेरी लागते. त्या उताराचा आकार देवळातली घंटा मधोमध चिरल्यासारखा असतो. काका तो हवेत हातानं काढून दाखवतात आणि शेवटी त्यांचं बोट माझ्या पोटाशी येऊन थांबतं.

"पण एक बघ," ते म्हणतात, "शेवटचा कितीही लिंबूटिंबू असो, टोटल खाली जात नाही. वजा होत नाही ना? मग घ्या."

'वजा होत नाही ना? मग घ्या' हे त्यांचं पालुपद. मराठी मंडळाच्या कमिटीत एक माणूस वाढवायचा की नाही ह्यावर दीड तास वाद झाला, तेव्हा काकांनी हे एवढंच म्हटलं आणि तो माणूस आत आला. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, बाविसावी कोशिंबीर आली आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, तेव्हाही काकांनीच ती टेबलावर जागा करून ठेवली. त्या कोशिंबिरीच्या मालकीणबाई आजही काकांना सणासुदीला डबा पाठवतात. डब्यात कोशिंबीर असते.

पाककला स्पर्धेत मात्र अनर्थ झाला. काकांना परीक्षक नेमलं होतं. तिघा परीक्षकांच्या गुणांची त्यांनी सरासरी काढली, चार दशांश घरांपर्यंत, आणि सगळी यादी स्टारांसकट हॉलच्या भिंतीवर डकवली. हरणं बायकांनी एकवेळ पचवलं असतं. पण पुरणपोळीला तीन स्टार? आणि खाली ०.८४१७? शेजारी ०.८४१६ असलेल्या बाई आणि ह्या बाई अगदी जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. आता त्या वेगवेगळ्या कारनं देवळात जातात. काकांना शेवटपर्यंत कळलं नाही की लोक कशानं दुखावले. त्यांच्या मते तीन स्टार हा चांगला मार्क होता.

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे, "तोंडी की सही?"

ह्यालाही फुटबॉलचाच आधार आहे. हायस्कुलातला मुलगा कोचला फोनवर म्हणतो, मी तुमच्याकडे येतो. हा तोंडी होकार. ह्याला काही बंधन नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोचनं जास्त गोड हसून दाखवलं की पोरगा तिकडे जातो. डिसेंबरातल्या एका बुधवारी सह्यांचा दिवस असतो, त्या दिवशी कागदावर सही झाली की तो खरा आला. पण नंबर लावणाऱ्या वेबसाइट तोंडी होकार आला त्याच संध्याकाळी त्याचे सगळे गुण टीमच्या खात्यात जमा करतात. काकांचा ह्याला कडाडून विरोध आहे. त्यांच्या वहीत तोंडी होकार पेन्सिलीनं लिहिला जातो आणि त्याचं वजन शून्य. सही झाली की त्यावरून शाईचं पेन फिरतं. हे असंच असायला हवं, असं ते त्या वेबसाइटला दर महिन्याला कळवतात. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं यंत्राचं उत्तर येतं. ती उत्तरं काकांनी छापून फाइलला लावली आहेत.

हा नियम ते सगळ्या जगाला लावतात. मंगळवारी येतो म्हणणाऱ्या प्लंबरला विचारतात, तोंडी की सही? माझ्या मेव्हण्याच्या साखरपुड्यात तर मुलीच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, की काळजी घ्या, अजून तोंडीच आहे. ते गृहस्थ लग्न लागेपर्यंत नीट जेवले नाहीत.

मागच्या फेब्रुवारीत काका गॅरेजमध्ये स्टुलावरून पडले. मोडलं काही नाही, पण उठता येईना आणि फोन किचनमध्ये. दोन तास जमिनीवर बसून होते. शेवटी दोन घरं पलीकडचा वॉल्टर पेपर मागायला आला तेव्हा त्यानं उठवलं. काका म्हणतात वेळ वाया गेला नाही, पुढच्या वर्षीच्या क्लासचं अर्धं गणित तोंडी झालं. पण ते काही त्यांच्या मुलीच्या पचनी पडलं नाही.

मुग्धा डॅलसला असते. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या तेव्हापासून ती बाबांना तिकडे चला म्हणून मागे लागली होती. गॅरेजनंतर तिनं निर्वाणीचं सांगितलं, घर विकायचं, खालची खोली तयार आहे. काकांना जायचं नव्हतं. मुलीकडे काही वाईट होतं असं नाही. पण ह्या घरात त्यांना अंधारात चालता येतं, आणि डॅलसला ते पाणी प्यायला उठले तरी कुणीतरी दिवा लावून विचारणार, बाबा, काय हवंय? त्यांना त्या घरात पाहुणा व्हायचं नव्हतं.

मुग्धाही आकडेमोडीतलीच. तिनं बापाला बापाच्याच भाषेत अट घातली. डब्लिनमध्ये तुमचं कोण आहे त्याची यादी दाखवा. रीतसर घरात येणारी माणसं. मुदत सह्यांच्या बुधवारपर्यंत. यादी दमदार असली तर रहा, नाहीतर मार्चमध्ये घर विकायची पाटी लावायची. काकांनी मान्य केलं. अट गणिताची होती, तिला नाही कसं म्हणणार?

हे काकांनी मला ऑक्टोबरात ड्राइव्हवेवर पानं गोळा करताना सांगितलं. मी जे म्हणायचं तेच म्हणालो. काका, आम्ही आहोत ना, येतोच एकदा निवांत. ते म्हणाले, या ना. आमच्या दोघांच्या घरांत मोजून पाच घरं आहेत. हे 'येतोच एकदा' मी तीन वर्षं म्हणत होतो आणि प्रत्येक वेळी मनापासून म्हणत होतो. हे सांगायला हवं, कारण आपण सगळे मनापासूनच म्हणतो. दिवाळीच्या कार्यक्रमात, देवळाच्या पायरीवर, दुकानात मटकीच्या पाकिटांपुढे, या एकदा, हो हो नक्की, निघायला पाहिजे, पोराचा क्लास आहे. त्यात कुणाला काही खोटं वाटत नाही.

सह्यांच्या बुधवारी सकाळी काकांचा फोन आला. प्रिंटर अडकला होता. मी घरूनच काम करत होतो, गेलो. मुग्धा आदल्या दिवशीच आली होती. काका नव्या शर्टवर टाय लावून लॅपटॉपपुढे बसले होते. ते टाय फक्त ह्याच दिवशी लावतात. पडद्यावर एकेक पोरगा सही करत होता आणि काका पेन्सिलीच्या नावावर शाई चढवून दरवेळी एक बारीकसा पेढा तोंडात टाकत होते. मुग्धा त्यांच्या शुगरवर नजर ठेवून होती. एकदाची शेवटची सही झाली, आणि ती म्हणाली, "बाबा, आता तुमची लिस्ट."

काकांनी वही उलटी करून मागच्या बाजूनं उघडली. मी प्रिंटरमध्ये हात घालून उभा होतो, तिथून मला पान सरळ दिसत होतं. वर ठळक अक्षरात 'इंगोले, यंदाचा क्लास' असं लिहिलं होतं आणि खाली शाईची दोन नावं होती. पहिला वॉल्टर. निवृत्त बस ड्रायव्हर, रोज सकाळी येऊन काकांशी हुज्जत घालतो. चार स्टार. दुसरी डेनीस, पोस्टाच्या गाडीवरची. ती पत्रं पेटीत न टाकता दारापर्यंत येते आणि सरासरी चार मिनिटं थांबते. तीन स्टार.

त्याखाली पेन्सिलीनं एकेचाळीस नावं होती. सगळं मंडळ होतं, आजी-माजी अध्यक्षांसकट. कोशिंबीरवाल्या बाईही तिथेच होत्या, डबा पाठवतात पण येत नाहीत म्हणून. सतराव्या ओळीवर मी आणि माझी बायको होतो. मकरंद आणि स्नेहल, तोंडी, तीन वर्षं.

आणि पेन्सिलीतलं सगळ्यात वरचं नाव मुग्धाचं होतं. त्यापुढे लिहिलं होतं, तोंडी. मे, मग ऑगस्ट, मग दिवाळी.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाबा, मी व्हर्बल?"

"तू रोज फोन करतेस," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता, एखाद्या नवशिक्याला नियम सांगावा तसं ते सांगत होते. "पण आली नव्हतीस ना. नियम सगळ्यांना एकच."

"आज आलेय की."

"आज तू न्यायला आलीस. ते कोणत्या कॉलममध्ये लिहावं, मला समजून नाही राहिलं."

मग त्यांनी गणित केलं. चार स्टारचे पूर्ण गुण, तीन स्टारचे जरासे कापून, बेरीज. कॅल्क्युलेटर होता, तरी हातानंच केलं. खाली दोन रेघा मारल्या आणि पेनाचं टोपण लावलं. "दोन खेळाडूंवर टीम मैदानात उतरत नसते," ते म्हणाले. "अट मी कबूल केली होती. मार्चमध्ये पाटी लावू."

इतक्या सरळपणे हरलेला माणूस मी पाहिला नव्हता. पेन्सिलीवर थोडी शाई फिरवली असती तर कुणाला कळणार होतं? माझं नाव त्यांनी बिनदिक्कत घातलं असतं आणि मुग्धानं मला विचारलं असतं, तर मी हो म्हणालो असतो. हो म्हणण्यात माझा हात कोण धरणार? मला मनापासून लाज वाटली. प्रिंटरमधून निघालेला चुरगळलेला कागद माझ्या हातात तसाच होता.

"काका, मला शाईत घ्या," मी म्हणालो.

"काहून? दया आली?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "दयेचं रेटिंग नसते."

मी म्हणालो, दर गुरुवारी, संध्याकाळी साडेसहा, ऑफिस संपलं की. काही काम नसलं तरी. त्यांनी किती वेळ थांबणार ते विचारलं, मी एक तास म्हणालो. त्यांनी वहीच्या समासात काहीतरी आकडेमोड केली.

"दोन स्टार," शेवटी ते म्हणाले.

"दोनच?"

"तीन वर्षं तोंडी होतास. दोन पण जास्तच आहेत."

मुग्धा हसायला लागली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. मग तिनं फोन काढला आणि तिथेच खुर्चीत बसून एक महिना सोडून एक अशी चार विमानाची तिकिटं काढली. एकेक तिकीट आलं की फोन बाबांपुढे धरायची, काका चष्मा वर करून तारीख वाचायचे, खात्री करायचे. चौथ्या तिकिटानंतर त्यांनी टोपण काढलं. तिच्या नावावर शाई फिरवताना त्यांचा हात इतका हळू चालला होता की मी दुसरीकडे बघितलं. तिला किती स्टार दिले ते मी विचारलं नाही.

नव्यानं बेरीज झाली. ती अजूनही काही फार मोठी नव्हती. देशात नंबर लावला असता तर तळालाच लागला असता. मुग्धानं तो आकडा दोनदा वाचला आणि म्हणाली, "एक वर्ष, बाबा. नेक्स्ट डिसेंबरला परत मोजू."

मी गुरुवारी जायला लागलो. खोटं कशाला बोलू, सुरुवातीचे तीन-चार गुरुवार मी घड्याळाकडे बघत होतो. काका कुठल्याशा जॉर्जियातल्या पोराच्या गुडघ्याबद्दल सांगायचे आणि मी मनात दुसऱ्या दिवशीची मीटिंग करायचो. वॉल्टर कधी कधी असायचा. दोन म्हातारे चार दशांश घरांवरून भांडायचे आणि मी चहा करायचो. साखर कुठे असते ते मला कळलं, एवढीच काय ती प्रगती.

जानेवारीच्या तिसऱ्या गुरुवारी दुपारपासून बर्फ पडत होता. साडेचारला मी खिडकीशी उभा राहून मेसेज टाइप केला. काका, आज स्नो फार आहे, पुढच्या गुरुवारी नक्की. पाठवणार तेवढ्यात समोरच्या फुटपाथवर काहीतरी हललं. लोकरीची टोपी, दोन कोट आणि त्याखाली इंगोले काका. एका हातात मिठाची पिशवी आणि दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातलं भातवाढणं. त्यांचं स्वतःचं दार, पुढचा फुटपाथ, मग शेजारी, मग वॉल्टर, असं ते बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकत टाकत पाच घरं चालत आमच्या दारापर्यंत येऊन पोचले होते. शहात्तर वर्षांचा माणूस.

मी जॅकेट न घालताच धावलो आणि त्यांच्यावर ओरडलो. पडला असता म्हणजे? मुग्धाला काय सांगितलं असतं मी? काकांनी भातवाढण्यानं आणखी थोडं मीठ माझ्या पायरीवर टाकलं.

"तू येणार ना आज," ते म्हणाले. "ऑफिसचे बूट घालून येतोस तू. घसरले असते."

माझे बूट त्यांनी बघून ठेवले होते. अकरा वर्षं ह्या गावात राहतोय, पण कुणाकडे जाताना मी घसरेन की काय, अशी काळजी घराबाहेरच्या कुणाला वाटल्याचं मला आठवत नाही. इतके गुरुवार मी समजत होतो की मी त्यांच्यासाठी जातोय.

येणारच होतो, मी म्हणालो. खिशातल्या फोनवर तो मेसेज तसाच होता. मग मी त्यांच्या हातातून पिशवी घेतली, दुसरा हात त्यांच्या कोपराखाली घातला आणि साडेसहा वाजायला दोन तास असताना आम्ही दोघं त्यांच्या घराकडे चालायला लागलो.